फुलदाणी कडेला

प्रिय चिमट्या,

या नावाने तुला हाक मारणारा आता मी एकटाच उरलो असेन. हॉटेलच्या दारावरची मुलगी तुला 'सर' म्हणते, आतले वेटर 'साहेब' म्हणतात आणि कोटावरच्या पितळी पट्टीवर तुझं आडनाव चकाकतं. पण मी तुला दुसऱ्या कुठल्या नावाने लिहू? कामाच्या पहिल्याच दुपारी तू टोपलीतला पाव एका बाईंच्या मांडीवर पाडलास आणि तिथूनही तो चिमट्यानेच उचलायला निघालास, तेव्हापासून तू चिमट्या. प्लेट टेबलाच्या कडेपासून किती अंतरावर हवी ते मी अंगठ्याने मोजायचो, म्हणून मी मोजपट्टी. हा चौथा कागद आहे. आधीचे तीन फाडले, कारण त्यांत मी नुसताच ओरडत होतो. फोन करता आला असता, पण फोनवर तुझ्यापुढे माझं कधी चाललंय? तू दोन वाक्यांत मला हसवतोस आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी घरची खबर. गुडघा बरा आहे, जिना उतरताना तेवढा कुरकुरतो. लेकीची बदली टळली, त्यामुळे ती, जावई आणि नात इथेच आहेत, दोन गल्ल्या पलीकडे. नातीचे पुढचे दोन दात पडलेत, 'स' म्हणताना शिट्टी वाजते आणि ती मुद्दाम 'स' असलेले शब्द शोधून बोलते. तुझी वहिनी मजेत आहे. खरोखरच मजेत आहे, आणि माझी पंचाईत तिथेच आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण तू विसरल्यासारखा वागलास. बत्तीस वर्षं तिने माझ्या पांढऱ्या जाकिटांना इस्त्री केली. आपल्या नियमात नोकरीतल्या माणसाने पाहुणा म्हणून आत बसायचं नाही, त्याच्या घरच्यांनीही नाही. त्यामुळे तिने ते हॉटेल आतून कधी पाहिलंच नव्हतं. ते तिला माहीत होतं माझ्या बाहीवरच्या डागांवरून. जाकीट धुवायला टाकताना ती सांगायची, आज मासे होते वाटतं, आज लाल सॉस कुणीतरी सांडला, हा डाग मात्र भावोजींच्या, म्हणजे तुझ्या, कॉफीचा. आमच्या लग्नाचा वाढदिवस नेमका गर्दीच्या दिवसांत यायचा आणि दर वर्षी मी ड्यूटीवर असायचो. दर वर्षी मी तिला तेच वचन द्यायचो, की एकदा सुटलो की तुला सात नंबरच्या टेबलाशी बसवीन, खिडकीशी, आणि मी तुझ्यासमोर बसेन, उभा राहणार नाही. सुटलो त्या वर्षी घरी पाहुण्यांचा राबता होता, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. यंदा पस्तिसावा वाढदिवस, म्हणजे आता कारण उरलं नव्हतं.

तीन आठवडे आधी मी तुला फोन केला. तू काय म्हणालास ते मला शब्द न् शब्द आठवतं, कारण मी फोन ठेवून ते जसंच्या तसं तिला सांगितलं होतं. तुला रे कसलं बुकिंग लागतंय, वहिनींना सांग सात नंबर त्यांचाच आहे, केक आपल्याकडून, आणि मी स्वतः वाढणार. ती हरखून गेली. शेजारणीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना तर काही कारण नसताना सांगितलं. स्वतःसाठी कापड आणून शिवलं, बाह्या दोनदा उसवल्या. नातीला टेबलावर कसं बसायचं, चमचे बाहेरून आत कसे घ्यायचे हे माझ्याकडून शिकवून घेतलं. घरात तीन आठवडे नुसती सराव परीक्षा चालू होती.

आम्ही रविवारी बरोबर साडेबाराला दारात होतो. मुलीने ते मोठं चामडी रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत राहिली. आमचं नाव तिला सापडेना. आम्ही पाच जण कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभे. माणसं येत होती, आमच्यामधून वाट काढत आत जात होती. अकरा मिनिटं गेली. तुला माहीत आहे, आपल्या धंद्यातला माणूस समोरचं रजिस्टर उलटं वाचू शकतो, ती विद्या काही निवृत्त होत नाही. मी वाचलं. सात नंबरपुढे आठ जणांची पार्टी होती. आमचं नाव खालच्या कोपऱ्यात होतं, एकोणीसपुढे. दोन्ही ओळी तुझ्या अक्षरात, एकाच पेनाने, कुठे खोडाखोड नाही. म्हणजे आयत्या वेळी काही झालं आणि तुझा नाइलाज झाला असं नव्हे. मी फोन केला त्या दिवशीच तू मला एकोणीसवर टाकलंस आणि तोंडाने सात म्हणालास. तिथे खुंटीपाशी उभा राहूनही मी तुझी बाजू घेत होतो. म्हटलं, आत गेल्यावर खुलासा करेल.

एकोणीस नंबर. पॅन्ट्रीच्या झुलत्या दारापाशी, खांबाच्या मागे. दार उघडलं की आतला पांढरा दिवा डोळ्यावर येतो, मिटलं की भांड्यांचा आवाज. आपण तो कुणाला द्यायचो ते मी इथे लिहीत नाही, तुला लाजवायला नाही, मलाच लाज वाटते म्हणून. तुझी वहिनी बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि खूश झाली. म्हणाली, बरं झालं, इथून आतलं पण दिसतं, तुम्ही कुठे राबायचात ते मला पाहायचंच होतं. अजूनही मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. मग मी टेबलाकडे पाहिलं.

फुलदाणी कडेला होती. मध्यभागी नाही, जाण्यायेण्याच्या वाटेकडच्या कडेला, कापडाच्या दुमडीला टेकून.

आमच्या टेबलावरच्या बाकी चौघांना त्यात काही दिसलं नाही. कसं दिसेल? ते आपलं, तुझं नि माझं. तुला ती दुपार आठवते का, तिसऱ्या वर्षाची? सहा जण आजारी, सगळी टेबलं भरलेली, आणि आपण मागच्या अंगणात रिकाम्या खोक्यांवर बसून चहा पीत होतो. न बोलता सगळ्या वेटरांना कसं सांगायचं, की या टेबलावर जीव काढू नका, ही माणसं पुन्हा यायची नाहीत, यांना सगळ्यांच्या नंतर? युक्ती माझीच होती. फुलदाणी कडेला सरकवायची. लांबून दिसते, पाहुण्याला कळत नाही, कुणाला तोंड उघडायला नको. नाव तू ठेवलंस, 'भरतीचं टेबल', म्हणजे नुसती जागा भरणाऱ्यांचं. आपण किती हसलो होतो. आपल्यापाशी तेव्हा चांगले काळे बूट एकच जोड होते, सकाळी तू घालायचास, दुपारनंतर मी पुढे कागद कोंबून, आणि अशा दोन माणसांनी ठरवलं की कोणता पाहुणा बिनमहत्त्वाचा. पुढे कित्येक वर्षं आपण ती फुलदाणी सरकवत राहिलो. मग एकदा एक म्हातारे गृहस्थ एकटेच आले होते. चाळीस मिनिटं नुसत्या पाण्यावर बसले आणि उठताना मलाच म्हणाले, आज तुम्हाला फार काम दिसतंय, मी उगाच गर्दी केली, माफ करा. मी हेड कॅप्टन, म्हणजे सगळ्या वेटरांचा मुख्य झालो त्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी तुझ्याकडे आलो. हे बंद, म्हणालो. तू माझ्या हातावर हात ठेवून म्हणालास, बंद. माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत, बारा वर्षं, ती फुलदाणी मध्यावरून हलली नाही.

आता आत जे पाच-सहा वेटर आहेत ते सगळे माझ्यानंतर आलेले. त्यांना ही खूण मी शिकवलेली नाही. मग कुणी शिकवली, ते सांगायला नको. तरी मी स्वतःची समजूत घातली, की पुसताना सरकली असेल. आणि मग तुझ्या वहिनीने, फुलं जरा सगळ्यांना दिसू देत म्हणत, ती उचलून मध्ये ठेवली. वेटर आला. चांगला पोरगेला माणूस, हात स्वच्छ, पाठ ताठ. त्याने पाण्याचे पेले ठेवले, तिच्याकडे पाहून गोड हसला, आणि जाताना दोन बोटांनी फुलदाणी परत कडेला नेली. तिने पाच मिनिटांनी पुन्हा मध्ये आणली. त्याने पुन्हा कडेला नेली. तिला वाटलं, इथली अशीच पद्धत असेल, आणि ती जरा वरमली. आपलं काही चुकलं का असं तिने मला डोळ्यांनी विचारलं. पस्तीस वर्षांत मी त्या बाईला पुष्कळ दुखावलं असेल, पण असं वरमलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी मान हलवून नाही म्हटलं.

पुढचं तुला ठाऊक असणारच, तरी नोंद म्हणून. पाणी अठरा मिनिटांनी आलं. सूप आलं त्यावर साय धरली होती, पाव सूप संपल्यावर आला. लहान मुलाची प्लेट आधी, हा पहिल्या आठवड्यातला धडा. नातीची प्लेट सगळ्यांत शेवटी आली, तोवर ती जावयाच्या प्लेटमधले बटाटे खाऊन पेंगायला लागली होती. मुख्य जेवण आधी तिघांचं आलं, दोघांचं येईचना, आणि आम्ही एकमेकांकडे पाहत गार करत बसलो. आमचं खाणं चालू असताना त्याने बाजूचे पेले उचलले आणि पुढच्या पार्टीचे नॅपकिन खुर्चीच्या पाठीवर आणून ठेवले. केक आला नाही. लेकीने विचारलं तर त्याला काही माहीतच नव्हतं. आत जाऊन आला आणि म्हणाला, किचनला तसं काही सांगितलेलं नाही. यावर तुझी वहिनी काय म्हणाली सांगू? म्हणाली, बरंच झालं, आम्हाला दोघांनाही गोड कमीच सांगितलंय, आणि त्या बिचाऱ्यांना किती धावपळ आहे बघा. मी उशिरा यायचो तेव्हा ती तिच्या आईपुढे माझी बाजू अशीच घ्यायची.

आणि तू होतास. हेच मला गिळता येत नाही. तू सुट्टीवर असतास, आजारी असतास, तर मी आजही तुझ्या बाजूने भांडलो असतो. तू सात नंबरपाशी उभा होतास. नव्या मालकांची माणसं असावीत, बुटांवरून वाटली. तू स्वतः वाढत होतास, डाव्या बाजूने, कोपर अंगाला चिकटवून, अगदी मी शिकवलं तसं. आमच्याकडे पाठ होती. पण खांबावर आरसा आहे आणि तो मीच लावून घेतला होता, कॅप्टनला मागची टेबलं दिसावीत म्हणून. त्या आरशात तू मला पाहिलंस. मी तुला पाहिलं. तुझ्या वहिनीनेही पाहिलं आणि लहान मुलीसारखा हात वर केला. तू खाली मान घालून बाहीचं बटण नीट करायला लागलास. ते लागलेलंच होतं. तिने हात हळूच खाली घेतला आणि केस सारखे केल्यासारखं केलं. भावोजी कामात आहेत, एवढंच म्हणाली.

मित्रा, टेबलाचं मला काही वाटत नाही. वरून हुकूम येतात, नोकरी सांभाळावी लागते, हे मला कुणी शिकवायला नको. तू दारात येऊन, मोजपट्टी, आज माझी फजिती झालीय, एकोणीसवर बस, सांभाळून घे, एवढं म्हणाला असतास तर मी कोट काढून तुझ्या मदतीला ट्रे उचलला असता आणि तुझी वहिनी मला हसली असती. पण तू माझ्या तोंडाला पानं पुसलीस, आणि वर माझीच खूण माझ्यावर वापरलीस. गेले दहा दिवस मी एकच विचार करतोय. ही खूण कुणी काढली हे तू विसरलास, की आठवत असून ठेवलीस? विसरला असशील तर आपली सगळी वर्षं तुझ्या लेखी पुसली गेली. आठवत असेल तर तू मला बसल्या जागी समजेल अशा भाषेत सांगितलंस, की तू आता भरतीचा. यातलं कमी वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते इतकं हळू असतं हे मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती आणि सांगणारही नव्हतो. तुझी ही मॅनेजरची खुर्ची जुन्या मालकांनी आधी मला देऊ केली होती. मी म्हणालो, मला प्लेटा कळतात, माणसं त्याला कळतात. दोन माणसांशी बोलून त्यांना खूश करावं ते त्यानेच. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. मला तेव्हा ते खरंच वाटलं होतं. माणसाची पारख माझी इतकी कच्ची निघाली, याचंच जास्त लागलंय.

परत येताना टॅक्सीत नात माझ्या मांडीवर झोपली होती. तुझी वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती. मग सहज, अगदी सहज तिने विचारलं, अहो, तुम्ही पण लोकांना असंच वाढायचात का? तिला विचारायचं होतं, इतकी धावपळ असायची का, इतके दमायचात का. मला मात्र ते म्हातारे गृहस्थ दिसले. मी 'हो' म्हणालो. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. तिला माझी दया आली होती, आणि ती मी मुकाट घेतली. मी तिला फुलदाणीचं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर नुसता तो रविवार जायचा नाही, तिने इस्त्री केलेली बत्तीस वर्षंही जातील. म्हणजे तुझी लबाडी झाकायचं काम माझ्याकडेच आलं, आणि रोज सकाळी चहा पिताना मी ते करतोय.

आता हे पत्र का, ते. काही मागायला नाही, तुझ्याकडून कबुली घ्यायलाही नाही. ते सगळं मी चौथ्या कागदापर्यंत येता येता सोडून दिलं. हे तिने लिहायला लावलंय. तुला येत्या रविवारी दुपारी जेवायला बोलावलंय, तुझी सुट्टी कुठल्या रविवारी असते ते तिने मोजून काढलं. मी दहा दिवस टाळाटाळ केली, आज तिने कागद आणि पेन माझ्यापुढे आणून ठेवलं आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसली. तर ये. वाढायला मी असेन. तुला गरम मिळेल, आधी मिळेल, हवं तेवढं मिळेल, कारण दुसऱ्या तऱ्हेने वाढणं मी सोडून दिलंय. माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. पण तिला तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती जेवण झाल्यावर विचारणार आहे, तुझा घास अडकू नये म्हणून. रागाने नाही, तिला नुसतं कळत नाहीये. वीस वर्षं हा माणूस दर सुट्टीला माझ्या हातचं जेवला, मी हात केला तेव्हा त्याला माझ्यापर्यंत तेवीस पावलं का चालता आली नाहीत, हे तिला तुझ्याकडूनच ऐकायचंय. पावलं मी मोजलेली नाहीत. तिने मोजली, बाहेर पडताना. उत्तर तू घेऊन ये.

तुझाच,
(इथे दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही)
मोजपट्टी